दोन सुरांच्या मधे: क्लासिकल गिटारवर नवशिकेपणाच्या पुढे जाताना

क्लासिकल गिटार शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाटेवर एक मुक्काम ठरलेला असतो. पहिल्या तीन-चार फ्रेटमधले (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेले खण) सूर पाठ झालेत, सी, जी, ए मायनर या कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) न बघता लागतात, पाच-सहा छोट्या रचना शेवटपर्यंत जातात. आणि मग महिनोन् महिने काहीच हलत नाही. मी या मुक्कामावर दोन वर्षं तळ ठोकून होतो. त्यातलं एक अख्खं वर्ष 'रोमान्स'वर गेलं. ज्याचा रचनाकार नक्की कोणालाच ठाऊक नाही तो हा ई मायनरमधला तुकडा, गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला तो वाजवायचाच असतो. पहिली काही मापं छान जायची (माप म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधला भाग), बार (पहिलं बोट आडवं टाकून एकाच फ्रेटवरच्या अनेक तारा दाबणं) आला की बोंब. मी ती बारची कॉर्ड रोज वीस-वीस वेळा दाबून बघायचो. सुटी दाबली की स्वच्छ वाजायची, रचनेत आली की खरखरायची.

शेवटी फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा उलगडा झाला. कॉर्डमध्ये दोष नव्हताच. तिच्या आधीचा सूर मी नको तितका वेळ धरून ठेवत होतो आणि मग घाईघाईत उडी मारत होतो. चूक जिथे ऐकू येते तिथे ती बहुधा झालेली नसते, अर्धी मात्रा आधीच होऊन गेलेली असते. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे. पहिल्या वर्षात आपण सूर शिकतो. त्यानंतर शिकायचं असतं ते एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं.

आधी निदान

तुम्हाला 'येते' असं वाटणारी एक रचना घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. चुकलं तरी थांबू नका. मग कागद समोर ठेवून ऐका. जिथे अडखळलात, जिथे ठेका ओढला गेला, जिथे एखादा सूर मधेच मेला, तिथे पेन्सिलने खूण करा. आता प्रत्येक खूण एक सूर डावीकडे सरकवा आणि त्या जागी हात काय करत होते ते हळू वाजवून बघा. दहांतल्या आठ वेळा कारण तिथेच सापडतं: एखादं बोट उगाच उचललं गेलंय, एखादं विनाकारण दाबून धरलंय, नाहीतर उजव्या हाताचं तेच बोट लागोपाठ दोनदा आलंय.

यातून रियाजाचा एकक ठरतो. 'हे माप कच्चं आहे' म्हणून मापाच्या पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत घोटलं तर हाती फारसं लागत नाही, कारण अवघड जागा नेमकी उभ्या रेघेवर असते. आधीच्या मापाची शेवटची मात्रा आणि पुढच्या मापाची पहिली मात्रा, एवढंच घ्या. तीन-चार सूर. तेवढेच हळू, पाच-सात वेळा, चूक न होता. मग दोन्ही बाजूंना एकेक मात्रा वाढवा.

डावा हात: सोडायला शिकणं

नवशिक्याचा डावा हात दाबायला शिकलेला असतो. सोडायचं त्याला कोणी शिकवलेलं नसतं. एक प्रयोग करून बघा. (तारा बारीक बाजूने मोजतात: पहिली सर्वात बारीक, सहावी सर्वात जाड.) तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, धातूच्या पट्टीच्या अगदी मागे, बोट नुसतं टेकवा. दाबू नका. उजव्या हाताने तार छेडत राहा. सुरुवातीला 'ठक' असा मेलेला आवाज येईल. आता दाब अगदी थोडा-थोडा वाढवत न्या. आधी खरखर येईल, मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. सूर वाजायला एवढाच दाब लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा थोडा ओशाळलो, कारण मी त्याच्या निदान दुप्पट जोर लावत होतो. पट्टीपासून बोट जितकं मागे, तितका दाब जास्त लागतो. म्हणून बोट पट्टीला चिकटून हवं, पट्टीवर चढलेलं नको.

हात हलका झाला की जागा बदलणं सोपं होतं. त्यात दोन प्रकारची बोटं मदतीला येतात. एक, जागचं न हलणारं बोट: दोन कॉर्डमध्ये एखादा सूर तोच असेल तर ते बोट उचलायचंच नाही, बाकीची त्याच्याभोवती फिरतात. ए मायनरवरून सीवर जाताना पहिलं आणि दुसरं बोट जागेवरच राहतं, फक्त तिसरं हलतं. हे वाचून 'त्यात काय' वाटेल, पण रेकॉर्डिंगमध्ये बघा, निम्मे लोक तिन्ही बोटं हवेत उडवतात. दुसरं, वाट दाखवणारं बोट: त्याच तारेवर सरकायचं असेल तर ते तारेला हलकं लागून सरकतं, दाब मात्र आधी सुटतो. दाब न सोडता सरकलात तर चौथ्या, पाचव्या, सहाव्या तारेवर ती सुपरिचित किरकिर ऐकू येते, कारण त्या तीन तारांवर धातूचं वेढण असतं. तिथे बोट केसभर उचलून न्यायचं.

स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार तारेगाची 'लाग्रिमा' ही दोन भागांची छोटी रचना या सगळ्याची शाळाच आहे. पहिल्या मापात दोन आवाज (एकाच वेळी चालणाऱ्या दोन सुरावटी) समांतर वर चढतात: खालचा चौथ्या तारेवर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या फ्रेटवर, वरचा पहिल्या तारेवर चौथ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटवर. आणि प्रत्येक जोडीनंतर मधली दुसरी तार मोकळी वाजते. आता नीट बघा. पहिल्या जोडीत दोन बोटांमध्ये दोन फ्रेटचं अंतर आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत एकाच फ्रेटचं. म्हणजे हाताचा आकार एकदाच बदलतो. पहिल्या उडीत तो आवळायचा, दुसऱ्या उडीत तसाच उचलून पुढे न्यायचा. शिवाय मोकळ्या तारेचा सूर वाजत असताना डाव्या हाताला अर्धी मात्रा मिळते, तीच प्रवासाची वेळ. मात्र आधीची जोडी मोकळी तार छेडायच्या आत सोडली तर चालीत भोकं पडतात. मोकळा सूर वाजला की मग सुटायचं आणि पुढच्या मात्रेवर पोहोचायचं. तारेगाने ती मोकळी तार काय विचाराने घातली ते तोच जाणे, पण शिकणाऱ्यावर उपकार झालेत.

उडी मारताना नजर कुठे, हेही ठरवून घ्या. आपण सरकणाऱ्या बोटाकडे बघत राहतो आणि तेच नेम चुकवतं. हात निघायच्या आधी नजर पुढच्या फ्रेटवर गेली पाहिजे.

बारची भीती

बारबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात. पहिल्या फ्रेटवरची एफ मेजर घ्या. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दुसरी बोटं धरतात. म्हणजे पहिल्या बोटाच्या वाट्याला खरं तर सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा. मधल्या तीन तारांवर ते नुसतं पडून राहिलं तरी चालतं. कोणत्या तारा खरंच लागतात ते आधी मोजा, अर्धं ओझं तिथेच उतरतं.

दुसरं, बोट पूर्ण सपाट नको. अंगठ्याच्या बाजूला किंचित कललेलं असू द्या, तिथली कड हाडाची असते. एखादीच तार हट्टाने खरखरत असेल तर बहुधा ती बोटाच्या पेराच्या घडीत सापडलेली असते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, आवाज उघडतो.

तिसरं, अंगठ्याची पकड. बार लावा आणि मागचा अंगठा मानेवरून काढून घ्या. तरी सूर येतात का बघा. येतात, कारण हाताचं वजन कोपरातून मागे खेचता येतं. हा सराव रोज दोन मिनिटं पुरे, आणि पाचव्या किंवा सातव्या फ्रेटपासून सुरू करा. पहिल्या फ्रेटवर तार सर्वात ताठ वाटते, तिथून सुरुवात करणं म्हणजे पोहायला शिकायला समुद्रात उतरणं. मनगट किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तर त्या दिवसापुरता बार बंद.

एवढं करूनही बार जड जात असेल तर एकदा गिटारच मोजा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची क्लासिकल गिटारला साधारण पहिल्या तारेखाली ३ आणि सहाव्याखाली ४ मिलिमीटर असते. तुमच्याकडे ती पाचच्या पुढे असेल तर दोष तुमचा नाही. ब्रिजवरची (तारा खाली जिथे बांधतात त्या लाकडावरची) हाडाची पट्टी घासून देणारा कारागीर गाठा.

उजवा हात

डाव्या हाताचे दोष दिसतात, उजव्याचे फक्त ऐकू येतात. म्हणून उजव्याकडे दुर्लक्ष होतं. खरं तर वादकाचा आवाज ठरतो तो इथेच.

आधी नखं. तळहात डोळ्यांसमोर धरला की बोटाच्या टोकावरून नख एक-दीड मिलिमीटर दिसावं. आकार बोटाच्या टोकाला धरून गोलसर, आणि कड काचेसारखी गुळगुळीत. काचेची कानस फिरवल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने कड घासली नाही तर पहिल्या तारेवर पत्र्यासारखा आवाज येतो. तार आधी मांसाला लागते, मग नखावरून घसरून सुटते. नुसत्या नखाने ओढलेला सूर कोरडा असतो.

मग बोटांची अदलाबदल. कागदावर उजव्या हाताची बोटं पी, आय, एम, ए अशी लिहितात: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. स्केल (ओळीने चढणारे-उतरणारे सूर) वाजवताना तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तार बदलताना काय होतं तिकडे मात्र लक्ष नसतं. जाड तारेवरून बारीक तारेवर जाताना शेवटचा सूर तर्जनीने आणि नव्या तारेवरचा मध्यमेने आला तर हात सुखात असतो, कारण बोटं तशीच रचलेली आहेत. उलट झालं की बोटं एकमेकांना ओलांडतात. स्केल अडखळते ती बहुतेक इथेच. प्रत्येक स्केल एकदा तर्जनीने आणि एकदा मध्यमेने सुरू करून बघा, अवघड ओलांडणी कुठे येते ते कळेल. तिला पेन्सिलची खूण करा आणि तेवढे दोन सूर वेगळे घासा.

अर्पेजिओसाठी (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्यासाठी) इटालियन गिटारवादक ज्युलियानीचे उजव्या हाताचे १२० सराव (ओपस १, म्हणजे रचनाकाराच्या छापील कामाचा क्रमांक, १८१२ साली व्हिएन्नात छापलेले) अजून कालबाह्य झालेले नाहीत. सगळेच्या सगळे सी आणि जी-सेव्हन या दोनच कॉर्डवर आहेत, म्हणजे डाव्या हाताचा विचारच नको. पण एकशे वीसच्या मागे लागू नका. दहा निवडा आणि दोन-तीन महिने तेच करा. करताना 'प्लांटिंग'कडे लक्ष द्या: बोट छेडायच्या आधी तारेवर टेकलेलं असावं. वर जाणाऱ्या अर्पेजिओत अंगठा वाजला की उरलेली तिन्ही बोटं एकदमच आपापल्या तारांवर बसवता येतात. खाली येताना एकेक. एक सावधगिरी मात्र हवी: ज्या तारेवर चालीचा सूर अजून गुंजत असायला हवा, तिच्यावर बोट आधी टेकवलंत तर तुम्हीच तो गळा दाबून मारता.

मला स्वतःला सर्वात जास्त उपयोगी पडलेला सराव अगदी साधा आहे. एक कॉर्ड चारही बोटांनी एकदम वाजवा, चार वेळा. पहिल्यांदा फक्त अंगठ्याचा सूर मोठा यावा, मग तर्जनीचा, मग मध्यमेचा, मग अनामिकेचा. बाकीचे तीन दबलेले. पहिल्या आठवड्यात काहीच फरक ऐकू येणार नाही. अनामिका तर मुळीच ऐकणार नाही, ती जन्मतः आळशी. पण हे साधलं की कॉर्डमधून चाल वर निघते, आणि ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की हे गाणं आहे.

मोकळ्या जाड तारांचाही बंदोबस्त करायला हवा. बेस (सर्वात खालचा आवाज) ए वरून ई वर गेला आणि मागची पाचवी तार गुंजतच राहिली तर खाली चिखल होतो. पाचवीवरून सहावीवर जाताना सहावी तार अंगठ्याने टेकवून छेडा. अंगठा आपोआप पाचवीवर येऊन थांबतो आणि ती बंद होते. उलट दिशेने, सहावीवरून पाचवीवर जाताना, पाचवी छेडतानाच अंगठ्याची मागची कड सहावीला लागू द्या. सुरुवातीला फार किचकट वाटतं. महिनाभराने न बंद केलेला बेस कानाला टोचायला लागतो, मग हात आपणहून शिकतो.

फ्रेटबोर्ड आणि वाचन

टॅबवर (तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लिपीवर) विसंबलेले लोक एका हद्दीपर्यंत जाऊन थांबतात. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगते, सूर किती वेळ धरायचा आणि कोणता आवाज कोणाचा ते नाही. एकाच वेळी चाल, मधला आवाज आणि बेस चालू असताना नेमकं तेच हवं असतं. नोटेशनमध्ये सुरांच्या काड्या वर असतील तर वरचा आवाज, खाली असतील तर बेस, इतकं सरळ आहे. वर्तुळातला अंक म्हणजे तार, साधा अंक म्हणजे डाव्या हाताचं बोट, रोमन अंक म्हणजे फ्रेट किंवा पोझिशन (पहिलं बोट ज्या फ्रेटवर असतं ती हाताची जागा). लिहिलेलं गिटारवर एक सप्तक खाली वाजतं, त्याने गोंधळून जाऊ नका.

फ्रेटबोर्ड पाठ करायचा तर तक्ते भिंतीवर लावून होत नाही. आठवड्याला एक सूर घ्या. मोकळ्या पहिल्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, तिसऱ्यावर नवव्याला, चौथ्यावर चौदाव्याला मिळतो. चारही ठिकाणी तो वाजवा आणि आवाजाचा रंग ऐका: वर कोरडा-चकचकीत, आत-आत गेलं की गोल आणि जाड. संपादकाने सोपी जागा सोडून चौथ्या पोझिशनला का पाठवलं, याचं उत्तर पुष्कळदा त्या रंगात असतं. त्यासोबत रोज चार ओळी न पाहिलेलं संगीत वाचा, तुमच्या पातळीच्या खालचं. चुकलं तरी थांबायचं नाही.

वेगाबद्दल थोडं

मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) रोज दोन अंकांनी वाढवत न्यायचा, हा सल्ला सगळे देतात. एका हद्दीपर्यंत तो चालतो, मग एका आकड्यावर हात थिजतो. कारण हळू वाजवतानाची हालचाल आणि जलद वाजवतानाची हालचाल एकच नसते. म्हणून छोटे झपाटे. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्यात दोन सूर या चालीने स्केल वाजवा आणि मधेच एका ठोक्यापुरते चार सूर, पुढच्या ठोक्यावर येऊन थांबा. पाच सूर जलद, मग विश्रांती. हात क्षणभर ढिला सोडा. पाच जमले की नऊ. ट्रेमोलोला (एकच सूर बोटांनी झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवण्याला) अजून वेळ आहे. करायचाच झाला तर पी-ए-एम-आय हा क्रम पहिल्या तारेऐवजी दुसऱ्या तारेवर करा. दोन्ही बाजूंना तारा असल्याने बोटांना हातपाय पसरता येत नाहीत.

काय वाजवायचं

इथे माझं मत ठाम आहे: एक रचना आवाक्याच्या थोडी बाहेरची, आणि चार आवाक्याच्या आतल्या. बहुतेक जण उलट करतात. स्पेनच्या सोरच्या ओपस ६० मधल्या २५ रचना दिसायला बाळबोध आहेत, सुरुवातीच्या तर एकाच आवाजाच्या, पण पुढे आवाज वाढत जातात आणि प्रत्येक सूर लिहिला तितकाच धरायचा म्हटलं की घाम फुटतो. त्यानंतर इटलीच्या कार्कासीचे ओपस ६० मधले एट्यूड (सरावासाठी लिहिलेल्या रचना), तेही २५. त्यातला तिसरा मला फार आवडतो: वर अनामिकेची चाल, खाली अर्पेजिओ, म्हणजे मघाचा 'एक बोट मोठं' सराव गाण्याच्या रूपात. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने १९४५ साली निवडून संपादित केलेले सोरचे २० एट्यूड घरोघरी असतात, पण त्यातले शेवटचे खूप वरच्या पायरीचे आहेत, अनुक्रमाने जाऊ नका. आणि ज्यांना हे सगळं फार जुन्या चवीचं वाटतं त्यांनी क्युबाच्या लिओ ब्रौवरचे साधे एट्यूड घ्यावेत. पहिल्यातच चाल अंगठ्याकडे दिली आहे आणि वरची बोटं ठेका धरतात. अंगठ्याला एकदाचं गायला मिळतं.

रचना पाठ करताना शेवटापासून मागे या. शेवटची चार मापं आधी, मग त्यांच्या आधीची चार. असं केलं की वाजवताना आपण अनोळखी प्रदेशाकडून ओळखीच्या प्रदेशाकडे जातो. पाठ झालंय का ते बघायचं तर गिटार बाजूला ठेवा आणि डावा हात मनात चालवा. जिथे चित्र पुसट होतं, तिथेच पुढे मंचावर हात बसणार नाही.

तासाभराचं गणित

तास मिळाला तर मी असा वापरतो: दहा मिनिटं उजवा हात, दहा स्केल आणि झपाटे, वीस मिनिटं फक्त पेन्सिलच्या खुणांवर, दहा वाचन, आणि शेवटची दहा आधी येणाऱ्या रचना, न थांबता, कोणीतरी ऐकतंय असं समजून. अर्धाच तास असेल तर स्केल आणि वाचन गळतं, बाकीचं थोडं आखडतं, खुणा गळत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांनंतर गिटार खाली ठेवून उठतो. दर पंधरा दिवसांनी एक रेकॉर्डिंग ठेवतो, तारीख घालून. शिक्षक नेहमी मिळत नसेल तर महिन्यातून एक धडा घ्या, पण जाताना 'हे दोन सूर जोडले जात नाहीत' असा नेमका प्रश्न घेऊन जा.

'रोमान्स' मी तीन वर्षांनी परत काढला. पहिला भाग एका आठवड्यात बसला. दुसऱ्या भागात मेजर सुरू झाल्यावर जिथे करंगळी ताणावी लागते, तिथली पेन्सिलची खूण अजून कागदावर आहे. ती आता एक सूर डावीकडे सरकलेली आहे.